उजवा खुबा

फिजिओबाईंनी मला पलंगाच्या कडेला बसवलं, गुडघ्याखालचा पाय हातात धरला आणि आत-बाहेर फिरवून बघितला. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. मी छताकडे बघत बसले होते. बसले कसली, चुळबुळत होते. रविवारी निवडीचा सामना होता, आज मंगळवार उजाडला होता, आणि ही बाई माझे पाय हलवत बसली होती.

"खुबा तर ठणठणीत आहे तुझा," त्या म्हणाल्या.

"मग कंबर का दुखते?"

"तेच बघायचंय. उतर खाली. ही काठी घे आणि गोल्फचा क्लब समजून मार."

मी मारलं. त्या पाठीमागे फोन घेऊन ओणव्या झाल्या आणि माझं कंबरेखालचं तेवढं चित्रण केलं. "पुन्हा." मी पुन्हा मारलं. "अजून एकदा." आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, काय ते सांगा ना एकदाचं!"

"तू वळतच नाहीस," त्या शांतपणे म्हणाल्या. शांत माणसांचा मला भयंकर राग येतो. "क्लब मागे नेताना उजवा खुबा आत वळायला हवा. तुझा जागचा हलत नाही. मग खुब्याने करायचं काम मणका करतो, म्हणून चकती सरकायला लागलीय. खुबा मोडलेली माणसं अशी मारतात, बाई. तुला कधी काही लागलं होतं का?"

"मला नाही," मी म्हणाले.

लागलं होतं बाबांना. माझ्या जन्माच्या आधी. दुचाकीवरून पडले, उजव्या खुब्यात स्क्रू बसले, आणि निवडीचा सामना, खेळणं, सगळंच सुटलं. मग ते शिकवायला लागले. आमच्या घरात हा विषय निघत नाही. चालताना बाबा उजवीकडे कलतात, पण कुणी विचारलंच तर म्हणतात, "बूट नवीन आहे, चावतोय." बाबांचा बूट गेली पंचवीस वर्षं नवीनच आहे.

मला त्यांनीच शिकवलं, मी सहा वर्षांची असल्यापासून. दुसरा प्रशिक्षक मी पाहिलाच नाही. आणि मला त्यांचा एकच शब्द आठवतो. वळ. "वळ ना गं! पूर्ण वळ!" मग ते स्वतः क्लब घ्यायचे, "हे असं!" म्हणून मारून दाखवायचे. मी डोळे फाडून बघायचे आणि तस्संच मारायचे. तरी यांचं आपलं चालूच, "कुठे वळलीस? वळ!" मला वाटायचं, या माणसाला खूश करणं देवाच्या बापाला जमणार नाही. आमच्या गोल्फ क्लबात मात्र सगळे कौतुक करायचे. म्हणायचे, मागून बघितलं तर बाप कोण आणि लेक कोण ते कळत नाही.

"असंच मारून रविवारी खेळलीस," फिजिओबाई सांगत होत्या, "तर नंतर वाकून स्वतःचे बूटसुद्धा घालता येणार नाहीत."

"आणि खुब्यातून वळून मारलं तर?"

"तर मी कशाला अडवू? पण अंगात मुरलेली सवय अशी चार दिवसांत जात नाही."

"जाईल," मी म्हणाले आणि सॅक उचलली. न जाऊन सांगते कुणाला? पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसत नाही. हा रविवार गेला की संपलं.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात गेले, झाडू उलटा धरला आणि फ्रिजच्या काचेच्या दारात बघून वळायला लागले. खुबा वळेना. वळवला की तोल जाई. तोल सावरला की खुबा पुन्हा आपल्या जागी. माझंच शरीर आणि माझंच ऐकत नव्हतं. आई शेंगा निवडत बसली होती. दांडा तिच्या डब्याला लागला आणि दाणे फरशीभर झाले.

"अगं, एका जागी बस की! पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

"आई, बाबा आधी कसे मारायचे? पडायच्या आधी?"

आईने दाराकडे बघितलं. बाबा बाहेर होते. तरी तिने आवाज खाली आणला.

"मला काय कळतंय त्यातलं. पण मी समोर उभी असायचे ना, तर त्यांच्या शर्टाच्या पाठीवर क्लबचं नाव छापलेलं होतं, ते मला वाचता यायचं. एवढे वळायचे." मग ती दाणे वेचायला लागली. "आणि हे त्यांना विचारायला जाऊ नकोस. उगाच जेवायचे नाहीत."

मी मूग गिळून बसले. म्हणजे बसले नाही, गच्चीत फेऱ्या मारल्या. सांगायचं तरी कसं? बाबा, तुमचा मोडलेला खुबा मी घेऊन बसलेय, असं? ज्या माणसाने माझ्यासाठी घसा फोडला, उन्हात उभं राहून पाठ काळी करून घेतली, त्याला? आणि नाही सांगितलं तर रविवार डोक्यावर. राग येत होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीवर काढला. ती तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या मैदानावर आम्ही दोघंच. पत्र्याची शेड, हिरव्या चटया, चेंडूंच्या बादल्या, समोर अंतराच्या पाट्या. दोघांच्याही अंगात क्लबच्या त्याच राखाडी पँट आणि तेच पांढरे बूट, बाबांचे अर्थात नवीन.

मी ठरवून उजवा खुबा आत वळवला आणि मारलं. चेंडू आडवा जाऊन शेडच्या खांबावर आदळला आणि आमच्याच अंगावर परत आला. बाबा खाली वाकले म्हणून वाचले.

"हे काय होतं?"

"वळले."

"याला वळणं म्हणतात? लोळण घेतलीस! आज बुधवार आहे, भिंगरी, आणि तू आज नवीन खेळ शिकायला निघालीस?"

दुसरा चेंडू गवतात गेला. तिसऱ्याला क्लब लागलाच नाही. बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"अठरा वर्षं सांगतोय, वळ, वळ! कानात बोळे घातलेत का? दे इकडे. बघ. हे असं!"

त्यांनी मारलं. मी या वेळी त्यांच्या तोंडाकडे, खांद्याकडे, चेंडूकडे कुठेच बघितलं नाही. फक्त उजवा खुबा बघितला. हलला नाही.

"पुन्हा मारा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. मी फोन काढला आणि कंबरेखालचं तेवढं टिपायला त्यांच्या मागे जाऊन ओणवी झाले.

"हे काय चाळे?"

"माझ्या फटक्याशी ताडून बघायचंय. मारा ना."

त्यांनी मारलं. मी फोन त्यांच्या हातात दिला. खरं सांगते, काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, आणि ऐनवेळी सगळं विसरले. नुसतं "बघा" म्हणाले.

बाबांनी खिशातून चष्मा काढला. पडद्यावर राखाडी पँट, पांढरे बूट, क्लबचं टोक. आधी माझाच फटका दाखवतेय असं समजून ते बघायला लागले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हं. बघ! आता तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हा उजवा खुबा. अडकलाय. सगळं अंग वरून पिळतेस आणि मग कंबरेला हिसका देतेस. हे काय मारणं आहे? असा कुणी माझ्याकडे शिकायला आला ना, तर मी त्याला क्लबला हात लावू देणार नाही."

"बाबा, ते तुम्ही आहात."

"चल!" ते हसले.

पडद्यावरची ती राखाडी पँट चेंडूखालची छोटी खुंटी उचलायला वाकली. उजवा पाय न दुमडता मागे लांब केला, डाव्या गुडघ्यावर हात टेकला. असं वाकणारं माणूस आमच्या ओळखीत एकच आहे.

बाबांचं हसू गेलं. त्यांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग ते चेंडूंच्या उलट्या बादलीवर बसले आणि फोन गुडघ्यावर ठेवून बघत राहिले. मला वाटलं, आता फेकतात.

"मी वळतो," ते म्हणाले. "मला आतून कळतं ना. मी पूर्ण वळतो. अगदी पहिल्यासारखा."

"हो."

"मग हे काय आहे?"

मला रडू आलं आणि त्याचाही रागच आला. "तुम्ही तोंडाने म्हणायचात वळ. पण मी लहान होते, बाबा, मी ऐकत नव्हते, मी बघत होते! तुम्ही जे केलंत तेच केलं मी. तुम्ही म्हणायचात, हे असं!"

त्यांनी माझ्या कंबरेकडे बघितलं.

"दुखतं?"

"हो."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे कधी कुणाला सांगता?"

त्यांनी चष्मा पुसला. फिजिओबाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं, चकतीचं, बुटांचं, सगळं. वर घाईघाईने हेही सांगितलं की अजून चार दिवस आहेत, बाबा, तुम्ही बाजूला बसा, मारून दाखवू नका, नुसतं तोंडाने सांगा, मी वळेन, मी शिकेन.

"चार दिवसांत नाही होत," बाबा म्हणाले. "चार महिने लागतील. मला विचार. मी शिकवतो हे."

"मग मी जुन्याच पद्धतीने खेळते! एकच दिवस तर—"

"माझी पद्धत नको." एवढं बोलून त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि निवड समितीच्या चिटणीसबाईंना लावला. मी हात धरायला गेले, तर त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरून ठेवला. आवाज मोठा होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"माझ्या मुलीचं नाव काढा रविवारच्या यादीतून. हो, कळतंय मला, शेवटचं वर्ष आहे. कारण? दुखापत. कुणाची म्हणजे?" बाबा थांबले. "प्रशिक्षकाची. माझा उजवा खुबा गेलाय. वळत नाही. लंगडतो मी. पंचवीस वर्षं झाली."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मी फोन ओढून घेतला. ओढून घेताना ठरवलं होतं की सांगायचं, ऐकू नका यांचं, मी येते रविवारी. पलीकडे चिटणीसबाई कातावल्या होत्या.

"अहो, प्रशिक्षक कुठे मैदानात उतरतो? दुखापत खेळाडूची हवी ना! नक्की कुणाची आहे?"

बाबा बादलीवर बसून माझ्याकडे बघत होते.

"एकच आहे," मी म्हणाले. "आम्हा दोघांची एकच आहे. नाव काढा."