पुठ्ठ्याला महिना लागतो

बाइंडरच्या पिशवीत परतीचं तिकीट होतं, आणि ते आहे याचीच त्याला थोडी लाज वाटत होती.

तीस वर्षं तो डोंगरातल्या एका ओल्या गावात पुस्तकं बांधत बसला होता, आणि तीस वर्षं दिसेल त्याला ऐकवत आला होता, की ऊन असावं तर आमच्याकडचं. तिकडे सकाळी लावलेली खळ दुपारी दगड होते. इथे दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवा, तरी पुस्तक आपलं घामेजलेलंच. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला हे ऐकून ऐकून इतका विटला, की त्याला जावईबापू म्हणायला लागला. "काय जावईबापू, उन्हाच्या घरून बोलावणं आलं की नाही?"

बोलावणं आलं ते ताईचं. मेहुणे जाऊन वर्ष झालं होतं. 'माडीवरची खोली रिकामी आहे. आता कायमचा ये. तुझं ऊन इथे पोत्यानं पडलंय,' असं तिनं लिहिलं होतं. बाइंडरनं दुकानाची किल्ली चष्मेवाल्याकडे दिली आणि आठ दिवसांचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. जमलं तर राहायचं, नाहीतर रविवारी परत. मनातून मात्र तो केव्हाच राहायला गेला होता.

बरोबर एक भेट होती. वडील शाळामास्तर. त्यांना रोज हवेबद्दल एक ओळ लिहायची सवय होती. ताईनं पाठवलेल्या त्यांच्या सात वह्या त्यानं एकत्र शिवल्या आणि कापडी कण्याचं एक देखणं पुस्तक केलं. इतकं नीट काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

ताईनं दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. "अरे लुकड्या, किती फुगलास!"

"ओलीनं."

"हो, ओलीनं! पोळ्यासुद्धा ओलीनंच खाल्ल्या वाटतं?"

पहिल्या दिवशी तो अंगणात नुसता उभा राहिला. ऊन डोक्यावर घेतलं, पाठीवर घेतलं, डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले. तिसऱ्या दिवशी तोंड धुताना नाकातून रक्त आलं. ते त्यानं घाईनं धुऊन टाकलं, पण रुमाल ताईच्या हाती लागला. जेवताना ती पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्याजवळ सरकवत राहिली.

चौथ्या दिवशी ताईनं माडीवर हाक मारली. "लुकड्या, खाली ये बघू. याला काय झालंय?"

टेबलावरच्या पुस्तकानं आ वासला होता. दोन्ही पुठ्ठे होडीसारखे बाहेर वळले होते. बाइंडरनं ते दाबून धरले. सोडले की पुन्हा वर. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओल्या हवेत ताणून बसलेला कागद इथे आक्रसला होता आणि त्यानं पुठ्ठा ओढून घेतला होता. नवशिक्यालाही कळावी अशी गोष्ट. ज्या उन्हाच्या गप्पा मारण्यात जन्म गेला, त्याच उन्हात जायचं पुस्तक बांधताना त्याला उन्हाची आठवणसुद्धा झाली नव्हती. हातांनी केव्हाच गाव बदललं होतं, तोंड तेवढं जुन्या गावात राहिलं होतं.

शनिवारी दुपारी तो कपड्यांच्या घड्या घालत होता. ताई पुस्तक घेऊन वर आली आणि खाटेच्या कडेवर बसली.

"निघालास?"

"हवा मानवत नाही गं. वय झालं."

"बरं. हे दुरुस्त होईल का, तेवढं सांगून जा."

"होईल. पण लगेच हात लावायचा नाही. आधी महिनाभर इथेच नुसतं ठेवायचं. नवा कागद आणला तरी मी महिनाभर पडू देतो, खोलीची हवा ओळखीची व्हायला. मग कापायचं, मग चिकटवायचं."

"कागदाला महिना देतोस."

"द्यावाच लागतो."

"आणि स्वतःला आठ दिवस? त्यातले दोन प्रवासाचे!"

ताईनं न मिटणारं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. पहिल्या पानावर वडिलांचं अक्षर होतं: 'गाव भट्टीसारखं. हवा मानवत नाही. बदलीचा अर्ज केला.'

"अडतीस वर्षं राहिले इथे," ताई म्हणाली. "आता हसू नकोस, ओठ फुटेल."

तो हसलाच, आणि ओठ फुटला.

ती खाली गेल्यावर त्यानं चष्मेवाल्याला फोन लावला.

"बोला जावईबापू! मानवलं का सासर?"

"अजून नाही. महिना सांगितलाय. किल्ली राहू दे तुझ्याकडे."

"राहू दे की. तुझं दुकान मात्र कुबट वास मारतंय हं. आठवडा झाला, उघडीप नाही."

त्या वासाचं नाव निघाल्याबरोबर बाइंडरनं नकळत खोल श्वास घेतला. आंबूस खळ, ओलं कापड, दमट कागद. ज्याला तीस वर्षं नाकं मुरडली, ते सगळं एकदम आठवलं.

"ऐक ना," तो म्हणाला. "पन्हाळीखालची ती बादली आहे का अजून?"

"आहे. का?"

"फोन जरा तिच्याजवळ धर."

"डोकंबिकं तापलंय का तुझं?" चष्मेवाला म्हणाला, पण त्याच्या चपला वाजल्या, दार करकरलं, आणि मग थेंब ऐकू येऊ लागले. एक. थांबून दुसरा. मग दोन घाईचे.

जिन्यावर ताईची पावलं वाजली. ती गुडघ्यावर हात देत ओली चादर घेऊन आली होती. खिडकीला बांधायला म्हणून तिनं हात वर केला, मग भावाकडे पाहिलं. फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून तो बसला होता. ती तशीच थांबली. हातातल्या चादरीचं पाणी फरशीवर टपटपत राहिलं.