दोन ब्रेकांची गाडी

मी बोलतेय. दचकू नका, हॉर्न वाजवणार नाही; तो गेल्या वर्षापासून त्याच्या मनात आलं तरच वाजतो. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. डोक्यावर शाळेच्या नावाची पाटी, मागे शिकाऊचं लाल अक्षर, आणि अंगावर इतके पोचे की मला पुसणाऱ्याचं फडकं चढउतार करत जातं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझीही स्वप्नं होती. लांबचे रस्ते, डोंगर, समुद्र वगैरे. पण शाळेच्या मास्तरांनी मला घेतलं आणि आठवड्याच्या आत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवला. माझ्यावर कोणाचाही पूर्ण भरवसा नाही, हे जगाला कळावं म्हणून असेल. त्याला नऊ वर्षं झाली. त्यात मी चौथा गिअर किती वेळा पाहिला, ते बोटांवर मोजता येईल.

माणसं मात्र भरपूर पाहिली. आरसा नीट करा म्हटलं की आधी केस नीट करणारी. मी बंद पडले की माझी माफी मागणारी, आणि परीक्षेत नापास झाली की 'गाडीतच काहीतरी आहे' म्हणणारी. यांचं अगदीच खोटं नसतं. माझ्यात बरंच काहीतरी आहे.

काकू शिकायला आल्या त्या पासष्टाव्या वर्षी, बसायला उशी घेऊन. मास्तरांनी विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकांची नजर अधू होत चाललेली. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात दर तीन महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, तासाभराचा रस्ता. गाडी चालवायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. तरी मागच्या खेपेला काका स्वतः चालवत गेले, आणि येताना एका डोळ्यावर पट्टी बांधून चालवत आले. घराच्या फाटकाचा खांब त्यांना दिसला, पण आडवा झाल्यावर.

"पुढच्या वेळी तू चालव, नाहीतर मी आहेच," असं काका म्हणाले होते. काकूंना झोप लागत नव्हती, ती त्या 'मी आहेच'मुळे.

पहिल्या दिवशीच गंमत झाली. काकूंनी चाळीस वर्षं पायानं चालणारं शिलाई मशीन चालवलेलं. बसल्या, दोन्ही पाय पेडलांवर ठेवले आणि मशीनसारखे एकामागून एक दाबायला लागल्या. मी अशी उड्या मारायला लागले की पाटी सैल झाली. मास्तरांनी आपला ब्रेक दाबला. काकू ओशाळून म्हणाल्या, मशीनवर पाय असेच चालतात हो. पण त्याच पायांनी महिन्याभरात मला असं काही हळुवार चालवलं, की मला वाटलं, आपल्याला कोणीतरी शिवतंय.

एके दिवशी काका स्वतः माझी तपासणी करायला आले. काकूंना घ्यायला जायचे तेव्हा त्यांची मोठी गाडी मी अंगणात रोज पाहत होते. अंगावर चादर, माझ्या दाराच्या कडीपर्यंत येणारं तिचं एकेक चाक. तिच्या शेजारी उभी राहिले की मी तिच्या डिकीतून पडल्यासारखी दिसायचे.

काकांनी माझ्या अंगावरून हात फिरवत मला पावलांनी मोजलं. पाच पावलं. त्यांच्या गाडीची सात. मग ते म्हणाले, आमचीत दीडशे हॉर्सपॉवर आहे, हिच्यात किती? मास्तर म्हणाले, अडुसष्ट. हे माझ्या जन्माच्या वेळचं. आता चढ आला की मला एसी बंद करावा लागतो, आणि मागे जाड माणूस असला तर मनातल्या मनात त्याचे पायही धरावे लागतात.

शेवटी ते मागच्या सीटवर बसले. गुडघे हनुवटीला लागले. त्यांनी विचारलं, सीटवर पाना कोणी ठेवलाय? तो पाना नव्हता. ती माझी स्प्रिंग होती.

"आमच्या गाडीच्या सीटवर चार तास बसा, पाठ बोलणार नाही," काका म्हणाले. "या डब्यात शिकून तिला ती गाडी झेपायची नाही." काकू उशी काखेत मारून घरात गेल्या.

मला राग यायला हवा होता, पण मला आशा वाटली. मोठी झेपली नाही तर हॉस्पिटलला कोण जाणार? मीच. लांबचा रस्ता, चौथा गिअर. काकू परीक्षा पास झाल्या त्या दिवशी मास्तरांचा पाय एकदाही शेजारच्या ब्रेकवर गेला नाही, आणि मी तर स्वतःला रुग्णवाहिकाच समजायला लागले.

इंजेक्शनचा मंगळवार उजाडला. पहिलीच खेप म्हणून काकूंनी मास्तरांना मोठ्या रस्त्यापर्यंत सोबत यायला सांगितलं होतं. आम्ही पोचलो, तर काका आधीच मोठीच्या स्टिअरिंगमागे बसलेले. किल्ली फिरवत होते, आणि मोठी नुसती टकटक करत होती. तीन महिने उभी राहून तिची बॅटरी उतरली होती. दीडशेच्या दीडशे घोडे ढाराढूर.

मास्तरांनी मला तिच्या नाकासमोर उभं केलं आणि माझ्या बॅटरीतून तिच्या बॅटरीला दोन वायरी जोडल्या. माझ्या जोरावर ती सुरू झाली. आता काका काय म्हणतात, म्हणून मी कान टवकारले. काका म्हणाले, "वायरी चांगल्या आहेत."

वायरी निघाल्या तरी काका उतरेनात. आजच्या दिवस मी नेतो, पुढच्या वेळी तू, असं त्यांचं चाललं होतं. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"अहो, समोर काय आहे?"

"मास्तरांची गाडी. मला काय दिसत नाही?"

"तिच्या डोक्यावर काय लिहिलंय, वाचा."

वीतभर अक्षरं आहेत माझ्या पाटीवर. नऊ वर्षं मला तिची लाज वाटत आली. त्या सकाळी त्यांनी ती वाचावी असं मला फार वाटत होतं, आणि वाचली असती तर फार वाईट झालं असतं. काका डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग उतरले, बॉनेटवर हात टेकत टेकत पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मला त्यांची कीव आली.

काकूंनी उशी ठेवली, सीट पुढे ओढली आणि त्या निघाल्या. आम्ही मागोमाग होतो. मोठ्या रस्त्याला लागताना मोठी एकदाही अडखळली नाही. ती वळणापलीकडे गेली, तसे मास्तर म्हणाले, चला, आपलं काम झालं. चौथा गिअर राहिला तो राहिलाच. तरी खरं सांगते, मला बरं वाटलं.

आता माझेही थोडे दिवस राहिलेत. पुढच्या महिन्यात शाळेत बिनक्लचची नवी गाडी येतेय. माझी पाटी उतरेल, दुसरा ब्रेक निघेल आणि कोणीतरी मला घेऊन जाईल. तुम्हीच घेतलंत तर एक मागणं आहे. माझी मोजमापं विचारू नका, लाज जाते. सीटवर मात्र जाड काहीतरी टाका, माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

काकू दोन दिवसांनी शाळेत येऊन गेल्या, तेवढं सांगून गप्प बसते. मास्तरांनी विचारलं, कशी वाटली मोठी गाडी? काकू म्हणाल्या, लांबी फार, हॉस्पिटलात लावायला तिघांनी हात दाखवले. ताकद म्हणाल तर नुसता पायाचा अंगठा टेकवला की पळते. आणि सीट, असं मास्तरांनी विचारलं.

"हे झोपले हो," काकू म्हणाल्या. "जाताना पूर्ण तासभर. घोरतसुद्धा होते. उतरल्यावर मला म्हणतात, ही शेजारची सीट एवढी आरामशीर आहे, तू कधी बोलली नाहीस."

मास्तर हसले. मग तुम्ही काय म्हणालात, असं त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? बारा वर्षं बसले मी तिथं. एकदाही डोळा लागला नव्हता."