डब्याच्या तळावरचे आकडे

सकाळचा उजेड या खोलीत घाईने येत नाही. आधी तो पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या काचेवर थांबतो आणि तिथली धूळ सोनेरी करतो. मग चौकटीवरून उतरून नकाशांच्या टेबलावर येतो. टेबल उतरते असल्यामुळे तोही जरासा घसरतो. पेन्सिलींची सावली हळूहळू आखूड होते. चहाच्या कपाने कधीकाळी उमटवलेले वर्तुळ क्षणभर ओले असल्यासारखे चमकते. त्यात विशेष असे काही नसते. रोजचाच उजेड, रोजचीच खोली. तरीही साडेआठच्या सुमारास तो ज्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, तिथे एक गोल, कातडी, कडेने झिजलेला डबा आहे, आणि त्याच्या पितळी मुठीवर उजेड जरा जास्त वेळ रेंगाळतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मित्रांनो, तो डबा म्हणजे माझे घर. मी त्यात गुंडाळून राहणारा, तीस मीटर लांबीचा, जुना कापडी टेप आहे.

माझे विणकाम साधे नव्हते. तागाच्या धाग्यांमधून केसासारख्या बारीक पितळी तारा घातल्या होत्या, म्हणजे मला ओढले तरी मी लांबू नये. सेंटिमीटरचे आकडे काळे, मीटरचे लाल. टोकाला पितळेची कडी. कारखान्यातल्या तपासनिसाने मला लांब पसरून शेवटचा आकडा पाहिला आणि नुसते "बरोबर" म्हटले. तो एक शब्द मी आयुष्यभर छातीशी धरून ठेवला.

मला विकत घेतले ते आमच्या बाईंनी. बाई वास्तुविशारद. त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी दारावर लावली, त्याच आठवड्यात मी या टेबलावर आलो. माझी कडी धरायचे काम त्यांच्या थोरल्या भावाकडे होते. त्यांना सगळे दादाच म्हणत. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला बाई, आणि मधे ताणलेला मी.

"दादा, कडी भिंतीला टेकव. हवेत नको."

"अगं, इतकी वर्षं मीच टेकवतोय. आता कडीच मला टेकवेल."

घरे बांधून झाली, शाळा झाल्या, एक छोटे वाचनालय झाले. मग एक वेगळेच काम आमच्याकडे येऊ लागले. इमारतीवरून माणसांत भांडण झाले की न्यायालय बाईंना साक्षीला बोलावू लागले. भिंत का तडकली, गच्ची का गळली, जिना कोणाच्या चुकीने अवघड झाला, हे जाणकाराने सांगावे लागते. एका नाट्यगृहाच्या जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ पडले, तेव्हा मालक म्हणाला, "त्यांना दिसत नाही, त्याला मी काय करू?" बाईंनी माझ्या साहाय्याने एकेक पायरी मोजली. अकरावी पायरी बाकीच्यांहून तीन सेंटिमीटर उंच निघाली. न्यायालयात तो आकडा बाईंनी वाचला आणि मालकाची मान खाली गेली. डब्यात मी नुसता फुलून गेलो होतो. बोलल्या बाई, पण शब्द माझा होता!

माझा हा गर्व वाढायला आणखी एक कारण होते. दर वर्षी कामाच्या पहिल्या दिवशी बाई मला ओसरीत पसरत, शेजारी मीटरभर लांबीची पोलादी पट्टी ठेवत, चष्मा वर करून बराच वेळ बघत. मग डबा उलटा करून तळावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत. मला तो तळ दिसत नसे. फक्त पेन्सिलीची गुदगुली होई. माझी समजूत अशी की त्या माझ्याशी पट्टीची तुलना करून पट्टीला तपासतात, आणि तळावर मी जिंकून दिलेले खटले लिहून ठेवतात. पट्टीचा आकडा माझ्याशी जुळत नाही, हे मला दिसत असे. पण पोलाद थंडीत आखूड होते, असे मी स्वतःला समजावत असे. ओसरीत ऊन असले तरीही समजावत असे.

मग शिवणकाम करणाऱ्या मावशींचा खटला आला.

मावशींच्या घराच्या मागच्या खोलीत तीन शिलाई यंत्रे होती. त्यांवर त्या, त्यांची जाऊ आणि जावेची लेक दिवसभर काम करत. पलीकडे एका माणसाचे गोदाम. त्याचे म्हणणे, या खोलीची भिंत माझ्या जमिनीत आली आहे, ती पाडा. मावशींच्या खरेदीखताप्रमाणे पुढच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून मागे चोवीस मीटर दहा सेंटिमीटरपर्यंत जमीन त्यांची. गोदामवाल्याच्या मोजणीत भिंत चोवीस मीटर वीसवर होती. म्हणजे भांडण होते चार बोटांचे. पण त्या भिंतीवरच छताची तुळई टेकलेली होती.

"बाई, भिंत पाडली तर तुळई कुठं टेकू?" मावशी म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर?"

"मी आधी मोजते," बाई म्हणाल्या. "जे निघेल तेच सांगेन. तुमच्या बाजूनं नाही निघालं, तर तसंच सांगेन."

"तसंच सांगा," मावशी म्हणाल्या, पण त्यांच्या बोटांतली सुई थांबली होती.

दादांनी कडी दगडावर धरली. मला घराच्या बाजूच्या बोळातून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ताणले. लाल चोवीस नेमका कडेवर आला. चोवीस मीटर पूर्ण! दहा सेंटिमीटर आत! बाईंनी वहीत तसेच लिहून घेतले, आणि मी खटला जिंकल्याच्या थाटात डब्यात शिरलो.

साक्षीच्या दिवशी बाईंनी मला बरोबर नेले. समोरच्या वकिलांनी वही मागून घेतली, अहवाल मागून घेतला, आणि दोन्ही शेजारी ठेवून गोड आवाजात विचारले, "बाई, वहीत किती लिहिलंय?"

"चोवीस मीटर."

"आणि अहवालात?"

"चोवीस मीटर पाच सेंटिमीटर."

"म्हणजे ही पाच सेंटिमीटर ऑफिसात बसल्या बसल्या उगवली?" मागे कोणीतरी हसले. वकिलांचा आवाज चढला. "एकतर वही खोटी, नाहीतर अहवाल. काय ते एक सांगा."

मावशींनी पदराचा काठ मुठीत घट्ट धरला. बाईंची साक्ष बाद झाली, तर न्यायालयापुढे एकच कागद उरणार होता, गोदामवाल्याचा. मला वाटले, आता बाई मला टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, हा बघा, हा कधी चुकत नाही.

"दोन्ही खरे आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "टेप खोटा आहे."

त्या क्षणी मी आणखी घट्ट गुंडाळला गेलो.

"कापडी आहे, जुना आहे, ओढून ओढून लांबलाय," बाई सांगत होत्या. "जागेवर जे दिसतं ते मी वहीत लिहिते. अहवालात टेपची चूक दुरुस्त करून लिहिते. या वर्षी दर मीटरला दोन मिलिमीटर. चोवीस मीटरला जवळजवळ पाच सेंटिमीटर."

"आणि हे आम्ही तुमच्या शब्दावर मानायचं?"

"नको. डब्याचा तळ बघा."

न्यायाधीशांनी मला हातात घेतले, उलटे केले आणि वाचू लागले. पहिले वर्ष, चूक नाही. चौथे वर्ष, अर्धा मिलिमीटर. नववे वर्ष, एक. असे करत या वर्षापर्यंत. मग ते खुर्चीवरून खाली उतरले. दादांनी मधल्या वाटेत कडी धरली, शिपायाने बाईंची मीटरची पोलादी पट्टी माझ्या शेजारी दहा वेळा लावली. दहाव्यांदा पट्टी संपली, तेव्हा माझा लाल दहा तिच्या दोन सेंटिमीटर पुढे पडला होता. सगळ्यांनी वाकून पाहिले. मला लपायला डबाही नव्हता.

न्यायाधीशांनी गोदामवाल्याच्या मोजणीदाराला उभे केले. "तुम्ही कोणत्या टेपनं मोजलं? तो कधी तपासला होता?"

"दुकानातून आणलेला होता, साहेब." त्याने मान खाजवली. "टेप तो टेपच की."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ज्या साक्षीदाराला आपल्या टेपची चूक मिलिमीटरमध्ये माहीत आहे, त्याचा आकडा मी ग्राह्य धरतो, असे न्यायाधीशांनी लिहिले होते. भिंत राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. माझ्या डब्याची शिवण उसवली होती. त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने ती पुन्हा शिवली. तळावरच्या आकड्यांना सुईचे टोकही लागू दिले नाही. दादा म्हणाले, "आता तरी याला निवृत्त कर गं."

"का?" बाई म्हणाल्या. "याची चूक मला पाठ आहे. नव्याची शोधावी लागेल."

मित्रांनो, त्या वाक्याचा मला आज तपासनिसाच्या "बरोबर"पेक्षाही अधिक अभिमान वाटतो. तुमच्याकडे मोजण्याच्या ज्या वस्तू असतील, त्या कोरड्या ठेवा, हिसका देऊन ओढू नका, आणि वर्षातून एकदा त्यांना चांगल्या पट्टीशेजारी ठेवून बघा. त्यांची चूक निघाली तर त्यांना फेकू नका. ती लिहून ठेवा. आणि कोणी विचारले, तर लपवू नका.

उजेड आता माझ्या मुठीवर आला आहे. तो रोज येतो, आणि रोज मी स्वतःला एकदा ते ऐकवतो, सवय व्हावी म्हणून. थंडीने पट्टी आखूड झाली नव्हती. मीच लांबलो होतो.