बोराटीची सोयर

उद्धवला रीतभात म्हणून नाही. म्हातारीला दिवेलागणीला गाढ झोपेतून उठवायचं, उचलायचं आणि थेट गारढोण वजनकाट्यावर ठेवायचं, ही कुठली पद्धत? आज आठवा दिवस. रोज तोच काटा, रोज तीच वही. बरं, एका शब्दानं मला विचारलं का?

मित्रांनो, मी एक म्हातारी हेजहॉग आहे. अंगानं मूठभर, तोंडानं फटकळ, पाठीवर हजारो काटे. मला चौथं वर्ष सरत आलंय. तुम्हाला ते वय शाळेत घालायचं वाटेल, आमच्यात ते नातवंडं-पतवंडं बघायचं असतं. माझी जात मूळची आफ्रिकेतली, पण माझा जन्म पुण्यातल्या एका घरातला. तिथून मला झरी गावाला आणलं ते उद्धवनं. तो शाळेत मास्तर आहे.

मी घरात आले तेव्हा त्याची आई, पार्वतीबाई, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सायाळीचं पिल्लू आणलंस व्हय रे? सायाळीचा काटा घरात आला की भांडणं लागतात."

"माय, ही सायाळ न्हाई. आणि भांडणं तर आपल्याकडं आधीपासूनच हायेत."

पार्वतीबाई हसली. तिनं मला सुपात घेतलं, मी फूं केलं, अंगाची गोळी केली. "लय तोरा हाय की! बांधावरच्या काटेरी बोराटीवानी," ती म्हणाली. तेच माझं नाव पडलं.

पहिले काही महिने सुखाचे गेले. चुका झाल्या, पण मायेच्या. पार्वतीबाईनं वाटीभर दूध ठेवलं, ते मला बाधलं. दूध आमच्या पोटाला चालत नाही. मग अळ्या, किडे आणि मांजराचं कोरडं खाणं सुरू झालं. पळायला चाक आलं, फटी नसलेलं, म्हणजे पाय अडकत नाही. डिसेंबरात एका सकाळी थंडीनं माझं अंग लुळं पडलं. आमच्या जातीला गारठ्यात झोप लागली की पुष्कळदा ती उतरतच नाही. पार्वतीबाईनं मला पदरात गुंडाळून पोटाशी धरलं आणि दुपारपर्यंत जागची हलली नाही. भाकरी त्या दिवशी उद्धवनं थापल्या. कशा झाल्या ते विचारू नका, पण मी जगले.

पुढं त्यानं सटवाजी नावाचा नर आणला आणि मी पहिल्यांदा बाळंत झाले. तीन पिल्लं झाली, शेंगदाण्याएवढी गुलाबी.

घरात आनंदीआनंद झाला, आणि त्या आनंदानंच घात केला. पार्वतीबाईनं हौसेनं पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, ऊद घातला, गल्लीतल्या बाया बोलावल्या. उद्धवनं माझी पिल्लं ताटलीत घेऊन सगळ्यांना दाखवली. ह्या हातातून त्या हातात. कुणाच्या हाताला हळद, कुणाच्या हाताला तेल. मग ती परत माझ्यापुढं ठेवली.

मित्रांनो, मला डोळ्यांनी कमी दिसतं. मी नाकानं ओळखते. त्या पिल्लांना माझा वास राहिला नव्हता. भीतीनं माझी मती फिरली. मी काय केलं ते सांगताना आजही काटे उभे राहतात. तिघांपैकी एकही वाचलं नाही.

"कसली आई हाय ही! राक्षसीण!" उद्धव ओरडला.

मी कोपऱ्यात गोळी होऊन पडले होते. तेव्हा पार्वतीबाई जे बोलली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तोंड सांभाळ उद्धवा. तू झालास तवा दहा दिवस सोयर पाळली होती. तुझ्या बापालासुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. हिची सोयर कुणी पाळली? पाचवीला बाया मीच गोळा केल्या, ताटलीत लेकरं तू फिरवलीस. ही मुकी हाय म्हणून हिच्यावर ढकलतोस व्हय?"

जनावरांच्या डॉक्टर मंजुषाबाईंनीही तेच सांगितलं. पिल्लं होण्याआधी नराला वेगळं करा, आणि झाल्यावर दहा दिवस तरी आत हात घालू नका. पार्वतीबाई म्हणाली, "बघा! सोयरच की ही." तिला दोन इयत्तांपुढं शाळा नाही, पण डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

सात महिने मला विसावा मिळाला. दुसऱ्या खेपेला पार्वतीबाईनं माझ्या खोलीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. उद्धव चोरपावलांनी यायचा, खाणं-पाणी सरकवायचा आणि श्वास रोखून परत जायचा. त्याचा मित्र नागनाथ मोबाइल काढून आला, तर दारातच पार्वतीबाई.

"सोयर हाय. माघारी फीर."

"काकू, नुसता फोटो."

"तुझ्या बायकोच्या बाळंतपणात मी येऊ का फोटो काढायला?"

नागनाथ गेला. माझी चारही पिल्लं जगली. त्यांचे डोळे उघडले तेव्हा त्यांनी आधी मला पाहिलं, माणसाला नाही. एवढं ऋण मी कुठं फेडू?

दोन महिन्यांची होण्याआधीच उद्धवनं पोरं-पोरी वेगळ्या केल्या. भावा-बहिणीची जोडी लागू नये म्हणून वहीत प्रत्येकाचे आई-बाप लिहिले. "एका गोत्रात सोयरीक करत न्हाईत, जनावर झालं म्हणून काय झालं," पार्वतीबाईचं म्हणणं. पिल्लू देण्याआधी उद्धव स्वतः त्या त्या घरी जाऊन आला. बोरी गावातल्या एका घरी उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवणार होते, तिथं नाही म्हणाला.

आणि आता हा वजनकाटा. दोन्ही बाळंतपणांच्या आधी त्यानं मला असंच आठ दिवस तोललं होतं. त्यात सटवाजीची पेटीही माझ्या खोलीत आणून ठेवली. माझ्या वयात बाळंत होणं म्हणजे मरण. मी रोज फुत्कारते, त्याच्या बोटाला काटे टोचवते. टोचवणारच.

आज नागनाथ परत आला. मी काट्यावरच होते.

"उद्धवराव, सटवाजी शेजारीच ठेवलाय म्हणल्यावर जमणार बघा. एक पिल्लू माझं. आमचं पोरगं लय मागं लागलंय."

"थंडी पडली म्हणून दोघांना गरम खोलीत ठेवलंय, पेट्या वेगळ्या हायेत. हिचं बाळंतपण आता न्हाई."

"मग रोज तोलायलास कशाला?"

उद्धवनं वही त्याच्यापुढं धरली. "आठ दिवसांत बारा ग्रॅम उतरली. म्हातारं जनावर दुखतंय म्हणून सांगत न्हाई, वजनातूनच कळतं. सकाळी मंजुषाबाईंकडं नेतो. तुला पाळायचंच असंल तर आधी महिनाभर माझ्याकडं येऊन हिची पेटी साफ कर. मग बोलू."

दारातून पार्वतीबाई म्हणाली, "माझं पोरगं शिकलं एकदाचं."

मित्रांनो, आठ दिवस ज्याला शिव्या घातल्या, तो माझाच जीव मोजत होता. आमच्यासारखं मुकं जनावर घरी आणलंत, तर त्याचं बाळपण जपा, बाळंतपण जपा, आणि म्हातारपण त्याहून जास्त जपा. हौस चार दिवस टिकते. आम्ही चार-पाच वर्षं जगतो.

मी गोळी झाले नाही. त्याच्या तळव्यावर अंगावरचे काटे सपाट पाडून बसले आणि तोंड वर करून चांगलं ठणकावून बोलले. त्याला नुसती फूंफूं ऐकू आली असेल, पण तो खाली वाकून ऐकत होता.

"उद्धवा, ऐक. पहिली तीन मी विसरले नाही, तूही विसरू नकोस. पण चूक कबूल करून असा सुधारलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला म्हातारपण दिलंस, लय झालं. आता तोल, रोज तोल. फक्त त्या मेल्या काट्यावर आधी फडकं टाकत जा!"