उभ्या रेघा

चिपचा बारीक पाय चिमट्याने वर उचलताना इंद्रजीतने श्वास रोखून धरला. तो तुटला असता तर सगळंच संपलं असतं; असली चिप आता कुठे मिळत नाही. पाय अलगद सुटून वर आला. त्याने सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवलं, आणि वीतभर लांब जुन्या वायरच्या जागी पेराएवढी नवी वायर बसली.

जुनी वायर त्यानेच लावलेली. आठ वर्षांपूर्वी या लहानपणच्या व्हिडिओ गेमचा टीव्हीला जोडायचा भाग जळला होता. "कंपनीत अख्खी पॅनेलं दुरुस्त करतो, हे काय मोठं," म्हणत त्याने अर्ध्या तासात दुसरी जोडणी करून दिली होती. चित्र आलं, पण त्यावर गजांसारख्या उभ्या रेघाही आल्या.

धाकटा विश्वजीत तेव्हा एवढंच म्हणाला होता, "तुरुंगातून खेळल्यासारखं वाटतं दादा. पण चालतंय."

त्यानंतर त्याने कधी तक्रार केली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचे पडदे सुकत चाललेत. नजर कडेकडून आक्रसत जाईल. औषध नाही, पण अजून दोनेक वर्षं हातात आहेत. दवाखान्याचा जिना उतरताना विश्वजीतने कठडा धरला आणि तो मध्येच थांबला.

"दादा, त्या रेघा काढून दे. तो खेळ एकदा स्वच्छ बघायचाय. लहानपणी दिसायचा तसा."

"येत्या रविवारी येतो."

तो येता रविवार उजाडायला सात महिने लागले. धायरीहून विश्वजीतकडे मांजरीला जायचं म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं. कधी शिफ्ट, कधी मुलीची परीक्षा, पुढे पुढे तर सांगण्यासारखं कारणही नसायचं. दर वेळी फोनवर विश्वजीतच म्हणायचा, "सावकाश ये रे. खेळ कुठं पळून चाललाय?" अलीकडे त्याने ते म्हणणंही सोडलं होतं.

इंद्रजीतने उघड्या गेमचं बटण दाबून पाहिलं. पेटीसारखा जुना टीव्ही उजळला आणि निळं आभाळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. एकही रेघ नव्हती. तो बराच वेळ नुसता बघत बसला. मग झाकण लावण्यासाठी त्याने टीव्हीत खोचलेल्या सगळ्या पिना उपटल्या, घाईघाईने स्क्रू पिळले, पिना परत खोचल्या आणि हाक मारली.

"विश्वा, ये!"

भिंतीला बोटं लावत विश्वजीत आतल्या खोलीतून आला. नोकरी सुटल्यापासून तो फारच वाळला होता. दिवाणाच्या कडेला टेकून त्याने हात पुढे केला. इंद्रजीतने त्यात गेमचा रिमोट ठेवला, बटण दाबलं. ओळखीचं संगीत सुरू झालं. फरशीवरचा स्क्रूड्रायव्हर कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून इंद्रजीत तो उचलायला वाकला.

"अरे वा!" विश्वजीत म्हणाला. "रेघा गेल्या की, दादा! आभाळ बघ कसं निळंशार."

इंद्रजीतने हसत मान वर केली.

टीव्ही काळाठिक्कर होता. आवाजाची पांढरी पिन नीट बसली होती. चित्राची पिवळी पिन राहून गेली होती. ती त्याच्या गुडघ्याशी फरशीवर पडली होती.

विश्वजीत पुढे झुकून खेळत होता. उडी, उडी, जरा थांबून लांब उडी. नाणी किणकिणत होती. दहाव्या वर्षापासूनचा तो रस्ता त्याच्या बोटांत होता. चेहरा टीव्हीकडे होता, थोडासा डावीकडे वळलेला.

आई चहा घेऊन दारात आली. प्रेमलाबाईंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. त्या दचकल्या नाहीत.

"दिसतंय ना गं आई? किती साफ आलंय."

"दिसतंय की. लई झ्याक दिसतंय."

त्यांनी वाटेतलं स्टूल पायाने बाजूला सारलं, कप विश्वजीतच्या उजव्या हाताशी ठेवला आणि बशीवर नखाने दोनदा टकटक केलं. रोजच करत असाव्यात, इतक्या सहज.

इंद्रजीतने पिवळी पिन उचलली. टीव्हीच्या भोकापर्यंत नेली. हात तिथेच थांबला. फोनवरचे ते रविवार त्याला एकेक करून आठवू लागले. विश्वाला कोणत्या रविवारापर्यंत दिसत होतं, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. त्याने पिन खाली ठेवली.

खेळातला माणूस खड्ड्यात पडल्याचा आवाज झाला.

"गेलो," विश्वजीत म्हणाला. "आता तुझी पाळी. घे."

इंद्रजीत त्याच्या शेजारी बसला. समोर नुसता अंधार होता, त्यात दिवाणावर बसलेल्या दोघांचं पुसट प्रतिबिंब. त्याने बटण दाबलं. तीनचार पावलांतच पडल्याचा आवाज आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"अरे दादा, समोरचा खड्डा दिसत नाही का तुला?"

"नाही रे," इंद्रजीत म्हणाला. "काहीच दिसत नाहीये."

विश्वजीतचा चेहरा टीव्हीवरून दादाच्या आवाजाकडे वळला. संगीत वाजत राहिलं. त्याने चाचपत हात पुढे नेला, दादाच्या मनगटावर ठेवला, आणि म्हणाला,

"मी सांगतो तेव्हा उडी मार."