रेघेखालची व्हेरा

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. माणसांवर माझा फारसा जीव उरलेला नाही.

ओकच्या फळ्यांची, बारा खणांची. एका ग्रंथालयाने पुस्तकांची कार्डं ठेवायला मला तीस वर्षं वापरलं, मग कॉम्प्युटर आले आणि मी फुटपाथवर. जर्सी सिटीतल्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या आसावरीबाईंनी मला उचलून आणलं. तेव्हा मी खूश झाले होते. चूक झाली.

त्यांचं काम असं. म्हाताऱ्या हंगेरियन माणसाला एक क्रियापद द्यायचं, त्याने वाक्य करायचं. तेच वाक्य मग स्लोव्हाक आणि सर्बियन माणसांकडून त्यांच्या भाषेत करून घ्यायचं, आणि कोणता शब्द कुठे बसतो ते ताडून बघायचं. एकेक वाक्य एकेका कार्डावर, कार्डं माझ्या खणांत: पांढरी हंगेरियन, पिवळी स्लोव्हाक, हिरवी सर्बियन. तुलना चोख हवी, म्हणून सगळ्या वाक्यांतल्या बाईचं नाव एकच. मारिया.

पांढरं कार्ड ९. मारियाने खिडकी उघडली.

पांढरं कार्ड १०. पाव मारियानेच जाळला.

खोटं. साफ खोटं.

ही वाक्यं लायोश नावाच्या निवृत्त बेकरीवाल्याची. त्याने दर वेळी व्हेरा म्हटलं. बाई लिहून घेत, मग लाल पेनाने नाव खोडत आणि वर मारिया लिहीत. मारियाच म्हणा, असं त्यांनी किती वेळा समजावलं. तो म्हणाला, "मी कुठल्या मारियाला ओळखत नाही."

दोन वर्षं. दोनशे चौदा कार्डं. तेवढ्या लाल रेघा माझ्या पोटात. व्हेरा कोण, हे बाईंनी एकदाही विचारलं नाही.

यंदा मार्चमध्ये लायोश गेला. आठवड्याने त्याची मुलगी इल्का आली. ती तीन वर्षांची असताना आई वारली, त्यानंतर वडिलांनी घरात आईचा विषय काढला नाही. विचारलं की उठून बेकरीत जायचे. तिने विचारलं, तुमच्याशी इतकं बोलत होते, आईबद्दल काही म्हणाले का?

"सॉरी," बाई म्हणाल्या. "आम्ही फक्त वाक्यं घेतो. आठवणी आमच्याकडे नसतात."

बाईंची विद्यार्थिनी रुचा, नागपूरची, कोपऱ्यात कार्डांची यादी टाइप करत होती. तिने इल्काला आईचं नाव विचारलं.

"व्हेरा."

रुचाने उठून माझा खण ओढला. बाईंनी त्यावर हात ठेवला. "रुचा, तो डेटा आहे. पेपर अजून जायचाय."

"जाऊ द्या ना, मॅडम. आधी इंग्रजीत करून वाचून तर दाखवा. तिला हंगेरियन येत नाही."

बाईंनी एक कार्ड उचललं. मारियाने मुलीला, असं सुरू केलं. सवय.

"मारिया कोण?" इल्काने विचारलं.

"मॅडम," रुचा म्हणाली, "रेघेखालचं वाचा."

बाईंनी चष्मा पुसला. कार्ड खिडकीशी धरलं.

"व्हेराने मुलीला झोपवलं."

इल्का खाली बसली. म्हणाली, पुन्हा वाचा.

पुन्हा वाचलं. मग पुढचं. व्हेरा हसली म्हणून मी दुकान उघडायला विसरलो. बर्फ आधी व्हेराने पाहिला. पाव व्हेरानेच जाळला. दोनशे चौदा, एकही न गाळता. शेवटी बाईंचा आवाज बसला. मला दया आली नाही.

इल्काने सगळी पांढरी कार्डं नेली. बाई आडव्या आल्या नाहीत. त्यांच्या बाजूने एवढंच सांगते.

तो खण आता रिकामा आहे. त्यात त्यांनी स्टेपलर ठेवलाय.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिश करू नका. मी तशीही टिकेन. फक्त लाल पेन हातात घेतलंत की थांबा, आणि समोरच्या माणसाला विचारा: ही कोण? तो जिवंत असेपर्यंत विचारा.