वाऱ्यासाठी बांधलेलं घर

लंडनजवळच्या रीडिंग गावात सुचेताच्या शेजारचं घर रवीच्या हाती लागलं, तर त्यातून चार फ्लॅट निघणार होते. भाड्यात हप्ता फिटून वर पुण्यातल्या बंगल्याची सोय. सुचेताला त्याच घरातून एकच गोष्ट हवी होती: लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी करणारी, एकटी राहणारी धाकटी बहीण नीना एका भिंतीपलीकडे यावी.

म्हाताऱ्या मालकिणीनं सुचेताला तोंडी शब्द दिला होता. सुचेतानं तो आनंदाच्या भरात, रवीला जेवायला बोलावून, किमतीसकट सांगितला. तिच्याच ऑफिसातला, पुण्याचाच मुलगा. त्यानं मटकीची उसळ दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि सोमवारी मालकिणीला जास्त पैसे देऊ करून घर स्वतःच घेतलं. सह्या होईपर्यंत तोंडी शब्द मोडला तरी इंग्लंडात चालतं, हेही नंतर त्यानंच समजावलं. वर म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका."

ताईंनी घेतलं.

दोघांचं मिळून हे जोडघर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेल्या एका क्रिओल कुटुंबानं दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. मूळची युरोपातली, पण पिढ्यान् पिढ्या तिकडेच जन्मलेली, गुलामांनी पिकवलेल्या उसावर गब्बर झालेली माणसं; त्यांना घरही तिकडच्यासारखं हवं. वरच्या मजल्यावर लांबलचक लाकडी सज्जा, खिडक्यांना पट्ट्यांच्या झडपा, वारा आरपार जावा म्हणून समोरासमोर दारं. रीडिंगमध्ये वारा मागितला होता कुणी? पण सज्ज्यावर रवीचा हातोडा पडायच्या आत सुचेतानं फोटो काढले आणि घर संरक्षित वास्तूंच्या यादीत घ्यावं म्हणून अर्ज धाडला.

पाहणीला आलेल्या बाई सज्जा बघून हरखल्या. चहा पिताना मात्र जरा चाचरत म्हणाल्या, की दोन्ही घरं मिळून वास्तू एकच, तेव्हा तुमचाही भाग यादीत जाईल. मग जुन्या खिडक्या काढता येणार नाहीत. सुचेताचं डबल ग्लेझिंग, थंडी अडवणाऱ्या दुहेरी काचांच्या खिडक्या, पुढच्याच महिन्यात बसणार होतं. तिनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि चालेल म्हणून सांगितलं.

थंडीत रवी कौन्सिलचा नकार घेऊन दारात उभा राहिला. फ्लॅट नाहीत, सज्जा पाडायचा नाही, खिडकीला हात लावायचा नाही.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"हो. तुझ्या घराचं कौतुकच केलं रे. मनावर घेऊ नकोस."

आता रवी त्या घरात स्वतःच राहतो आणि हप्ते पगारातून भरतो. नीना लीड्सलाच आहे. सुचेता दोन स्वेटर घालून बसते आणि वारा तिच्या घरातून आरपार जातो. भिंतीपलीकडे रवी खोकला, की तिला जरा ऊब येते.